दीड बोट माया

मंगळवार, ५ डिसेंबर १९८९. वरची खोली चुना मारायला काढली. नवा भाडेकरू महिनाअखेरीला यायचा आहे, बँकेतला माणूस, बायको आणि दोन मुलं. रंगारी सकाळी येतो म्हणाला आणि आला नाही, तेव्हा निदान सामान तरी खाली आणावं म्हणून मी पदर खोचला. कॉटच्या मागून एक पत्र्याची पेटी निघाली. ती सरांची. आत त्यांचं ते यंत्र, टेपरेकॉर्डर, वायरींचा गुंता आणि एक कॅसेट. कॅसेटवर काही लिहिलेलं नाही, कारण ती कशाची आहे ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

त्या कॅसेटवर एक खेळ आहे. सरांनी तो माझ्यासाठी केला होता. मी तो एकदाच खेळले आणि त्यातलं गुपित मला सापडलं नाही. सर वाईला निघून गेले. तीन वर्षं झाली. काम करताना मधेच कधीतरी ते आठवतं, सुई बोटात घुसून मोडावी तसं. मग मी पुढची शिवण घालते.

सर आमच्या वरच्या खोलीत राहायचे. तंत्रनिकेतनात शिकवायचे. वय पंचेचाळीसच्या पुढं, लग्न केलेलं नाही, अंगावर कायम एकाच रंगाचा शर्ट. तसले पाच शर्ट होते, तेही मीच शिवलेले. माझा शिवणाचा क्लास खाली पुढच्या खोलीत चालतो. माझे मालक कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत होते, ते वारले तेव्हा मी तिशीच्या आत होते. सासूबाई आणि मी अशा दोघी उरलो. वरची खोली भाड्यानं देणं भाग होतं.

खोली बघायला आले त्या दिवशी सरांनी पाणी किती वेळ येतं ते विचारलं नाही. संडास कुठं ते विचारलं नाही. बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करत खोलीभर फिरले. एका ठिकाणी थांबले.

"इथं पोकळ आहे."

"कोनाडा होता. बुजवला," मी म्हणाले.

"का?"

"उंदीर येत होते."

एवढ्यावर माणसाचा चेहरा पडला. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. खाली आल्यावर मला म्हणाल्या, "भिताडाला कान लावतंय की गं ह्ये पावणं. खुळं हाय का काय?" पुढं सर चार वर्षं राहिले, दोघांचं चांगलं गूळपीठ जमलं, सर त्यांना आजी म्हणायला लागले, पण सासूबाईंनी त्यांना पावणं म्हणायचं सोडलं नाही.

पहिल्या महिन्यातच सरांनी माझी परवानगी घेऊन तो कोनाडा परत उघडला. स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन, अंगभर माती घेऊन. मला वाटलं देव ठेवणार. त्यांनी काहीच ठेवलं नाही.

"मग कशाला उकरला वो सर?"

"असू दे. लपवायला जागा आहे एवढं पुरतं."

असा माणूस. एकदा आमच्या क्लासची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा त्यांना बरोबर नेलं, पोरींना जरा धाक राहील म्हणून. गडावरच्या तीन मजली विहिरीपाशी, अंधारबावडीपाशी, मोजणी केली तर पोरी सगळ्या होत्या, सरच नव्हते. हाका मारल्या. शेवटी मीच पायऱ्या उतरून आत गेले. आतल्या मजल्यावर एका झरोक्यापाशी बसले होते, आरामात, गुडघ्याला हातांची मिठी घालून.

"सर, गाडी थांबलीया."

"बाई, हे सगळं लढाईसाठी बांधलंय ना? पाणी लपवायला, माणसं लपवायला, पळून जायला. पण ही जागा बघा. इथून ना शत्रू दिसतो, ना वाट. इथं नुसतं बसता येतं. बांधणाऱ्याला इथं बसावंसं वाटलं असेल. म्हणून केली असेल."

मी बसले नाही. ड्रायव्हर बोंबलत होता. पण ते 'नुसतं बसता येतं' मला अजून आठवतं, कारण सगळ्या सहलीत तेवढी एकच जागा गार होती.

ते यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, त्यांच्या पुतण्यानं आणलं. पुतण्या बोटीवर नोकरीला होता. पाटीपेक्षा लहान, काळं, खोडरबरासारख्या मऊ कळा. ते टीव्हीला जोडायचं आणि खेळ कॅसेटमधून त्याच्यात भरायचा. भरताना कॅसेट अशी किंचाळायची की पहिल्या दिवशी सासूबाई माळ टाकून उठल्या. "मांजार मेलं काय वर?" आवाज नेमका ठेवावा लागायचा. जरा कमी झाला तर खेळ भरत नसे, जरा जास्त झाला तरी भरत नसे, आणि मग परत पहिल्यापासून किंचाळणं. रोज तो आवाज शोधत बसणं मला बघवेना. मी टेपरेकॉर्डरच्या बटणावर शिवणाच्या खडूनं खूण केली. ती पुसली गेली. मग क्लासमधल्या सुरेखाच्या नखपॉलिशचा लाल ठिपका दिला. तो ठिपका अजून आहे.

दुकानात मिळणारे खेळ सरांना नको होते. ते स्वतः करायचे. त्यात चित्र फारसं नसे. पडद्यावर अक्षरं यायची, इंग्रजी अक्षरांत मराठी: तुम्ही एका घरासमोर उभे आहात, दाराला कडी आहे, काय कराल? आपण एक शब्द टाइप करायचा. बरोबर शब्द आला की पुढं जायचं. कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे रफीकचं, तो रोज दुकान बंद करून वर यायचा. पहिल्या दिवशी अर्धा तास खेळला आणि म्हणाला, "सर, ह्यात मारामारी कुठं हाय?"

"मारामारी नाही. घर आहे."

"त्ये दोन्ही आमच्यात हायच की एका जागी. त्यासाठी मशीन कशाला?"

पण दुसऱ्या दिवशी परत आला.

त्याच सुमाराला एका थिएटरशेजारी पैसे टाकून खेळायची मोठी यंत्रं आली होती. पोरं रांगा लावायची. रफीकनं सरांना ओढून नेलं. सर बराच वेळ बघत उभे राहिले, खेळले नाहीत. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं?

"छान आहे. फार हुशार लोकांनी केलंय. पण त्यात कुणी राहत नाही."

"म्हंजे?"

"लॉज असतो ना बाई, तसं. चादरी स्वच्छ, सगळ्या खोल्या सारख्या. एका माणसानं केलेला खेळ म्हणजे घर. घरात कुठंतरी एक डबा लपवलेला असतो. तुमच्याकडं नाही?"

आमच्याकडं होता. तांदळाच्या पिंपात. सर म्हणाले, "बघा, लगेच चेहऱ्यावर आलं."

त्यांच्या प्रत्येक खेळात एक लपवलेली खोली असायची. खेळ ती न सापडताही पुरा व्हायचा. ती शोधली नाही म्हणून कुणी हरत नसे. सर जाता-येता विचारायचे, "सापडली?" बस्स, एवढंच. सुगावा द्यायचे नाहीत. रफीक एकदा चिडून म्हणाला, मी तुमचा सगळा प्रोग्राम पडद्यावर काढून वाचतो. यंत्रावर तसं करता यायचं म्हणे, एक शब्द टाइप केला की खेळ कसा बांधलाय ते सगळं दिसायचं. सर एवढे शांत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "पोट फाडून बघायचं नाही. सांगितलेलं गुपित फुकट असतं, रफीक. सापडलेलं आपलं असतं."

रफीकला ती खोली सापडली कशी, ते सांगते. त्या खेळात एका खोलीत बंद रेडिओ होता. सगळ्यांनी सगळं टाइप करून पाहिलं: उघड, जोड, फिरव, दुरुस्त कर. काही होईना. एक दिवस रफीक वैतागला आणि त्यानं जे तो दुकानात दिवसातून दहादा करतो तेच टाइप केलं. थाप. रेडिओ बोलायला लागला आणि त्याच्यामागची भिंत सरकली. आत दुसरं काही नव्हतं, फक्त लिहिलं होतं, 'या उस्ताद, बसा.' रफीक दोन दिवस गल्लीत छाती काढून फिरत होता.

तेव्हा आम्हाला कळलं. सर आधी माणूस बघायचे. त्याची सवय हेरायचे आणि त्या सवयीमागं खोली लपवायचे. ज्याची सवय त्यालाच ती उघडणार, आणि तीही शोधताना नाही, सहज.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांच्यासाठी एक खेळ झाला. सर वाचून दाखवायचे, त्या सांगतील ते टाइप करायचे. खेळात दारात एक वाटसरू येतो आणि पाणी मागतो. क्लासच्या पोरींनी त्याला पाणी दिलं होतं, तो पिऊन निघून गेला होता. सासूबाई तटकन म्हणाल्या, "नुसतं पाणी? उन्हातनं आलंय त्ये. आदी गूळ दे म्हणावं." सरांनी गूळ टाइप केलं. वाटसरू ओट्यावर बसला आणि खेळातल्या माजघराचं एक दार उघडलं, जे तोवर कुणालाच दिसलं नव्हतं. सासूबाईंना त्यात काय झालं ते नीट कळलं नाही, पण सरांचा चेहरा बघून त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

माझ्यासाठी खेळ नव्हता. मी खेळतच नव्हते. मला कुठला वेळ? दिवाळीआधी क्लासला मरायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर लग्नं. सर संध्याकाळी चहाचा कप परत द्यायला खाली यायचे, तेव्हा मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचे, आणि मी काम करता करता जे बोलणं व्हायचं तेवढंच.

एकदा मी एका मुलीच्या लग्नाचा ब्लाउज बेतत होते. सर म्हणाले, "माप एवढं आणि कापताय एवढं. चुकलं की."

"चुकलं कसं? आत माया ठेवायला नको?"

"काय?"

"माया. शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड. पोरगी उद्या भरली, लेकरू झालं, तर उसवून सैल करता येतं. दीड बोट ठेवते मी. दुसरं कुणी अर्धं बोटबी ठेवत न्हाय, कापड वाचवतात."

"बाहेरून दिसते ती?"

"दिसली तर काय माया?"

मी साधं सांगितलं होतं. सर कप हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, मी इतकी वर्षं हेच करतोय आणि मला शब्द माहीत नव्हता." आणि वर निघून गेले. कप परत वर गेला. दुसऱ्या दिवशी मला तो मागून आणावा लागला.

आमचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. मी लिहिताना गेले, आले, येते असं लिहिते, शाळेत शिकवलं तसं. बोलताना जीभ कोल्हापूरची. आमच्याकडं बायकाबी 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' असंच म्हणतात. आई तशी बोलायची, सासूबाई तशा बोलायच्या, क्लासच्या पोरी तशाच बोलतात. सरांसारख्या वाईच्या माणसाला ते सोसायचं नाही. मी बाजाराला निघताना जिन्याखालून ओरडायची, "सर, दाराकडं बघा, येतो!" की वरून आवाज यायचा, "येते!"

"येतो!"

"येते म्हणा बाई. तुम्ही बाई आहात."

"येतो म्हणलं तर काय मिशा फुटत्यात?"

सासूबाई मधेच, "जा की गं आता. येतो न् येते करत मंडई उठंल."

हे रोज. चार वर्षं. त्यांनी एक दिवस सोडलं नाही आणि मी एक दिवस ऐकलं नाही. आजूबाजूच्यांना वाटायचं आमचं पटत नाही. बरंच झालं. विधवा बाई आणि एकटा भाडेकरू यांचं पटत नाही असंच गल्लीला वाटलेलं बरं.

शेवटच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. उजवी बाजू गेली. मी क्लास आणि त्यांचं सगळं असं करत होते. सर आता वर यंत्रापाशी कमी आणि त्यांच्या उशाशी जास्त बसायचे. सासूबाईंना त्या बाजूचं एकच बोट हलवता यायचं. सर गूळ म्हणायचे आणि त्या ते बोट उचलायच्या. हाच त्यांचा खेळ.

मग सरांच्या आईला तिकडं वाईला दुखणं आलं. घर मोठं, बघणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी बदली मागून घेतली आणि एक दिवस मला म्हणाले, "रविवारी निघतो. तुमचा एक खेळ करून ठेवलाय. जाण्याआधी एकदा खेळा."

"मला येत न्हाय ते."

"तुम्हाला येईल. तुमचंच घर आहे."

रविवारी सकाळी त्यांचं सामान बांधून झालं होतं. यंत्र तेवढं टीव्हीला जोडलेलं होतं. मी हात पुसून बसले. खरंच माझं घर होतं. पडद्यावर लिहून आलं: जिना खाली जातो. मी उतरले. पाणी भरलं. चूल पेटवली. कोनाड्यात हात घातला, तो रिकामा होता. रेडिओला थाप मारली, वाटसरूला गूळ दिला. मशिनीत तेल घातलं. सर मागं उभे होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता तेवढाच. सगळं झालं आणि शेवटी पडद्यावर आलं: सगळी कामं झाली. दार उघडं आहे. निघताना काय म्हणाल?

मला हसू आलं. म्हटलं, हे होय! या माणसानं चार वर्षं एका अक्षरासाठी घसा कोरडा केला, तेच इथं मांडून ठेवलंय. आज चाललाय. आज तेवढं द्यावं त्याला. एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं. वाय, ई, टी आणि शेवटी परत ई. येते.

पडद्यावर आलं: बरं. सांभाळून जा. आणि खेळ संपला.

मी मोठ्या तोऱ्यात मागं वळून बघितलं. सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होते. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "व्याकरण सुधारलं तुमचं."

"खोली न्हाय सापडली?"

"नाही."

"कुठं होती?"

"यंत्र तुमच्याकडेच असू दे," ते म्हणाले. "परत कधी खेळलात तर."

टांगा आला. सासूबाईंच्या उशाशी जाऊन सर वाकले. त्यांनी बोट उचललं. मी दारापर्यंत गेले. मला वाटलं, ते काहीतरी सांगतील. त्यांनाही तसंच वाटत असावं. टांगेवाला म्हणाला, "पावणं, गाडी चुकंल." ते गेले.

त्यांच्या मागं वरच्या खोलीत दोन भाडेकरू येऊन गेले. भिंतीवर कुणी टकटक केली नाही. घर सुनं झालं वगैरे मी म्हणणार नाही, घरात चार मशिनी चालतात. पण मंडईला निघताना जिन्याखाली मी जरा थांबते, ही सवय काही गेली नाही. येतो, म्हणते. वरून कुणी दुरुस्त करत नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आता खालूनही कुणी जा की गं म्हणत नाही.

तर त्या मंगळवारी पेटी निघाली. मी रफीकला बोलावलं, म्हटलं, बघ चालतंय का, नाहीतर घेऊन जा, तुझ्या कामाला येईल. त्यानं टेपरेकॉर्डरच्या आतली बुरशी स्पिरिटनं पुसली, माजघरातल्या टीव्हीला वायरी लावल्या. काम करता करता म्हणाला, "वैनी, सांगायचंच राहिलं की. उन्हाळ्यात मेव्हण्याच्या लग्नाला वाईला गेलतो, तवा सर भेटले."

"कसं हायत?"

"हायत तसंच. त्योच शर्ट. आई गेली त्यांची. एकटंच असतात एवढ्या मोठ्या घरात. तुमच्या सासूबाई गेल्याचं सांगितलं तर चष्माच पुसत बसले. मग इचारलं, बाई अजून येतो म्हणतात का?"

"तू काय म्हणलास?"

"म्हणलं, म्हणतात की! सोडत्यात व्हय! तर लई हसले. पार डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. दुसरा चहा सांगितला."

"एवढं काय हसायचं त्यात?"

"त्ये मला काय ठावं."

रफीक गेला. दिवेलागण झाली होती. पुढच्या खोलीत पोरींची आवराआवर चालली होती. मी ठिपक्यावर आवाज लावला आणि बटण दाबलं. ते किंचाळणं ऐकून, खरं सांगते, माझी नजर माळ कुठं पडली ते बघायला खाली गेली. मग आठवलं, माळेवालं माणूस नाही.

खेळ भरला गेला. जिना उतरले, पाणी भरलं, चूल पेटवली. या वेळी हात चालत होता. कोनाडा, रेडिओ, गूळ, तेल. शेवटी परत तेच: सगळी कामं झाली. दार उघडं आहे. निघताना काय म्हणाल?

इतक्यात पुढच्या खोलीतून मशिनीवर झाकण पडल्याचा आवाज आला आणि सुरेखा ओरडली, "बाई, येतो!"

"ये गं," मी म्हणाले आणि बोटांनी तिचंच टाइप केलं. आमचंच. वाय, ई, टी, ओ.

पडदा काळा झाला. वाटलं, बिघडलं. मग एक रेघ उमटली, दुसरी उमटली, आणि एक खोली तयार झाली. एक दार, दोन खिडक्या. खाली हळूहळू अक्षरं आली.

आलात? बरं झालं.
वाईला घराची खालची खोली रिकामी आहे.
उजेड पूर्वेचा.
दोन मशिनी बसतात. मी मोजली आहे.
दीड बोट माया ठेवली आहे.
आजी आहेत तोवर विचारणार नाही. घाई नाही.
येणार?

आणि त्याच्यापुढं उत्तर टाइप करायच्या जागेचा तो चौकोन, उघडझाप करत.

चार वर्षं हा माणूस जिन्यावरून येते येते म्हणून ओरडला आणि खोली मात्र लपवली ती माझ्या येतोमागं. आणि मी, जिनं चार वर्षं ऐकलं नाही, त्या एका सकाळी ऐकलं. मागं उभं राहून त्यांनी ते ई उमटताना पाहिलं. त्यांना वाटलं असेल, खोली उघडली नाही, हेच उत्तर झालं. सांगितलं नाही. सांगितलेलं फुकट म्हणणारा माणूस. आणि तरी यंत्र ठेवून गेला.

मी उत्तर टाइप केलं नाही. असल्या गोष्टींची उत्तरं यंत्राला देत नाहीत. बटण बंद केलं. दूध तापवायचं राहिलं होतं, ते तापवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी वेळेवर आला. त्याला सांगितलं, सगळीकडं चुना मार, कोनाडा बुजवायचा नाही. सुरेखाला क्लासची किल्ली दिली, काजं-बटणं आणि दोन परकर एवढं करून घे म्हटलं. पिशवीत एक साडी टाकली, सासूबाईंच्या डब्यातला गूळ टाकला आणि मापाची टेप टाकली. दोन मशिनी बसतात हे त्यांनी मोजलंय, पण पुरुषांना मशिनीच्या पायडलजवळ पाय हलवायला लागणारी जागा धरायचं सुचत नाही. आपण मोजून बघितलेलं बरं.

खालच्या दाराला कडी घालताना शेजारच्या काकूंनी हटकलं. "सकाळी सकाळी कुणीकडं गं?"

"वाईला. जागा बघायला."

"कुणाला जागा?"

"मशिनीला."

काकूंना काही कळलं नाही. मी जिन्याखाली नेहमीसारखी क्षणभर थांबले. वर रंगाऱ्याचा ब्रश चालला होता.

"येतो," मी म्हणाले आणि स्टँडचा रस्ता धरला.